राब आणि मूळगाठ : मृत्तिका-तापनाच्या इतिहासातील एक प्रकरण

जव्हार-मोखाडा परिसरात भात व नागली यांचे बी पेरण्यापूर्वी रोपांची जागा भाजून घेण्याची रीत जुनी आहे. शेण, टहाळ, पालापाचोळा व गवत यांचे थर देऊन वर बारीक माती पसरतात आणि पावसाळ्यापूर्वी ते पेटवितात. ही आग भडकत नाही, धुमसते. या सामग्रीस व क्रियेस ‘राब’ म्हणतात. मोल्सवर्थच्या कोशातही हा शब्द नोंदलेला आहे.

राबाचा इतिहास प्रायः वनांच्या इतिहासाचा एक भाग म्हणूनच सांगितला जातो. १८८० नंतरच्या दशकात टहाळ तोडण्याच्या हक्कावरून ठाणे जिल्ह्यात असंतोष माजला व मुंबई वन आयोगास त्याचा विचार करावा लागला. मोखाडा तेव्हा ब्रिटिश अमलाखालील शहापूर तालुक्याचा पेटा होता, तर जव्हार हे मुकणे घराण्याचे संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले. एकाच रीतीस अशा प्रकारे दोन राजवटींचे नियम लागू होते. वादाचे मर्म मात्र कृषिविषयक होते. राबाचा लाभ केवळ राखेच्या खताचा असेल, तर इतर खताने तो भरून निघेल आणि वृक्षतोड अनावश्यक ठरेल. तो तापलेल्या मातीचा असेल, तर शेतकऱ्याचा आग्रह निराधार म्हणता येणार नाही.

या प्रश्नाचा धागा दूरच्या काचगृहांशी जुळतो. १८५५ मध्ये बर्कली यांनी इंग्लंडमधील काचगृहातील काकडीच्या मुळांवरील गाठींत सूक्ष्म कृमी असल्याचे नोंदविले. पुढे काचगृहांतील ‘थकलेली’ माती वाफेने तापविल्यास पुन्हा पिकू लागते, असा अनुभव आला. रसेल व हचिन्सन यांनी १९०९ मध्ये मृत्तिकेच्या अंशतः निर्जंतुकीकरणावरील संशोधन प्रसिद्ध केले, आणि १९१२ मध्ये मॅन, जोशी व कानिटकर यांचा पश्चिम भारतातील राबपद्धतीवरील प्रबंध प्रकाशित झाला. राब हा कृमींवरील उपाय म्हणून योजिलेला नव्हता, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. परंतु सुमारे ५० अंश सेल्सियस उष्णतेत या कृमींची पिले थोड्या वेळात मरतात, हे आज ज्ञात आहे.

संज्ञांचाही येथे विचार करावयास हवा. ‘सूत्रकृमी’ हा शब्द मूळ ग्रीक अर्थास धरून आहे. ‘मेलॉयडोगायनी’ या प्रजातिनामात सफरचंदासारख्या फुगीर मादीचे वर्णन आहे. ‘मूळगाठ’ हा शब्द मात्र लक्षण सांगतो, कारण सांगत नाही. कडधान्यांच्या मुळांवरही गाठी असतात, पण त्या नत्र पुरविणाऱ्या व सहज सुटणाऱ्या. सूत्रकृमींची गाठ म्हणजे मुळाचीच सूज होय. हा भेद न कळल्यास उपचारही चुकतो.

१९४३ मध्ये हवाईतील अननसाच्या मळ्यांत डी-डी हे धूम्रकारक द्रव्य यशस्वी ठरले आणि रासायनिक उपायांचे युग आले. १९७७ मध्ये कॅलिफोर्नियात डीबीसीपीच्या कारखान्यातील पुरुष कामगारांत वंध्यत्व आढळले, आणि त्या विश्वासास तडा गेला. ओझोनच्या रक्षणासाठी मिथिल ब्रोमाइडवरही निर्बंध आले. दरम्यान १९५८ मध्ये झेंडूच्या मुळांतील कृमिनाशक द्रव्य वेगळे करण्यात आले, आणि पुढे कृमींच्या अंड्यांवर वाढणारी पर्प्युरिओसिलियम ही बुरशी उपयोगात आली. १९७६ मध्ये काटान यांनी इस्रायलमध्ये ओल्या जमिनीवर पारदर्शक प्लॅस्टिक अंथरून सौर तापनाची रीत दाखविली.

आजच्या हरितगृहात काकडी, टोमॅटो व ढोबळी मिरची ही कृमींना प्रिय पिके एकाच मातीत पुनःपुन्हा घेतली जातात. तेथे एकात्मिक नियंत्रणाचे सार क्रमात आहे. प्रथम उन्हाळ्यात चार ते सहा आठवडे सौर तापन. रसायन अपरिहार्य असेल तर तेही आरंभीच व मोजके. त्यानंतर निंबोळी पेंडीबरोबर उपकारक बुरशी. आणि मध्ये झेंडूचा फेर. क्रम उलटल्यास उष्णता वा रसायन त्या बुरशीसही मारते आणि खर्च व्यर्थ जातो.

राबाचे गौरवीकरण करण्याचे कारण नाही. त्याची किंमत वृक्षांनी मोजली आहे. परंतु ज्या रीतीस अडाणीपणा म्हटले गेले, तिच्यात पेरणीपूर्वी माती तापविण्याचे तत्त्व होते. टहाळाची जागा सूर्याने घेतली, तर ते तत्त्व वनास न दुखविता पाळता येईल.