महामारी आणि महाविद्यालयीन फुटबॉलचा हंगाम : उरण तालुक्याच्या संदर्भात (२०२०-२०२२)

साथीच्या रोगांच्या इतिहासलेखनात मृत्यूचे आकडे, शासकीय उपाययोजना आणि स्थलांतर यांना साहजिकच अग्रस्थान मिळते. खेळाचे मैदान त्यात सहसा येत नाही. मुंबई विद्यापीठाच्या कक्षेतील महाविद्यालयीन फुटबॉलचा २०२०-२१ चा हंगाम कसा बुडाला, याचा विचार प्रस्तुत लेखात उरण तालुक्याच्या दृष्टीने केला आहे. कोकण ज्ञानपीठाचे उरण महाविद्यालय आणि फुंडे येथील रयत शिक्षण संस्थेचे वीर वाजेकर महाविद्यालय ही या तालुक्यातील विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालये होत. हा हंगाम केवळ पुढे ढकलला गेला, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होणार नाही.

मुंबईत १८९६ मध्ये प्लेग उद्भवल्यानंतर करण्यात आलेला १८९७ चा साथरोग कायदा महाराष्ट्र शासनाने १३ मार्च २०२० रोजी लागू केला. दुसऱ्याच दिवशी मडगावजवळच्या फातोर्डा मैदानावर इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना रिकाम्या प्रेक्षागृहात खेळला गेला. राज्यातील महाविद्यालयेही त्याच सुमारास बंद झाली. महाविद्यालयीन खेळाडूंना त्या वेळी फारसे काही गमावल्यासारखे वाटले नसावे, कारण त्यांचा हंगाम तोवर आटोपलेला होता. खरा आघात पावसाळ्यात जाणवला.

मुंबई परिसरात महाविद्यालयीन फुटबॉलला पावसाळ्याबरोबर गती येते. नव्या प्रवेशांतून खेळाडू निवडणे, सराव घेणे आणि आंतरमहाविद्यालयीन सामने खेळणे हे पहिल्या सत्रात उरकावे लागते. २०२० मध्ये नेमके हेच महिने अंतिम वर्षाच्या परीक्षा घ्याव्यात की नाही, या वादात गेले. सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय २८ ऑगस्टला आला, परीक्षा ऑक्टोबरमध्ये ऑनलाइन झाल्या, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या सुधारित वेळापत्रकानुसार प्रथम वर्षाचे वर्ग १ नोव्हेंबरपासून सुरू व्हायचे होते. म्हणजे ज्या विद्यार्थ्यांतून संघ उभा करावयाचा, ते दाखल होण्यापूर्वीच हंगामाचा काळ निघून गेला होता. १५ फेब्रुवारी २०२१ पासून निम्म्या उपस्थितीत महाविद्यालये उघडली खरी. परंतु लवकरच दुसरी लाट आली.

उरणच्या बाबतीत अंतराचा प्रश्न निराळा होता. तालुक्याच्या गावापर्यंत लोकल गाडी त्या काळी पोहोचलेलीच नव्हती. मुंबईला जायचे तर मोऱ्याहून भाऊच्या धक्क्याला लाँचने, नाही तर बेलापूर-पनवेलच्या रस्त्याने. टाळेबंदीत प्रवासी वाहतूक थांबली. पुढे लोकल सुरू झाल्यावरही सामान्य प्रवाशांना १ फेब्रुवारी २०२१ पर्यंत, आणि दुसऱ्या लाटेनंतर पुन्हा १५ ऑगस्टपर्यंत, तिचा उपयोग नव्हता. त्याच तालुक्यातील जवाहरलाल नेहरू बंदराचे काम मात्र अत्यावश्यक सेवा म्हणून चालूच होते. कंटेनर हलत होते आणि मैदाने ओस पडली होती.

२० ऑक्टोबर २०२१ रोजी महाविद्यालये पुन्हा उघडली, तेव्हा लसीच्या दोन्ही मात्रा घेतलेल्या, १८ वर्षे पूर्ण झालेल्या विद्यार्थ्यांनाच प्रवेश होता. कोविशील्डच्या दोन मात्रांतील अंतर ८४ दिवसांचे होते. ज्याला पहिली मात्रा ऑगस्टमध्ये मिळाली, तो ऑक्टोबरमध्ये मैदानाबाहेरच राहिला. १५ ते १८ वयोगटाचे लसीकरण ३ जानेवारी २०२२ ला सुरू झाले आणि त्याच आठवड्यात ओमायक्रॉनमुळे महाविद्यालये पुन्हा बंद करण्यात आली.

व्यावसायिक फुटबॉलची गोष्ट वेगळी. इंडियन सुपर लीगचा २०२०-२१ चा संपूर्ण हंगाम गोव्यात जैवसुरक्षित कवचात खेळवला गेला आणि १३ मार्च २०२१ रोजी मुंबई सिटी एफसीने तो जिंकला. हॉटेले, चाचण्या आणि प्रक्षेपणाचे उत्पन्न यांवर ते कवच उभे होते. अमेरिकेतही ‘बिग टेन’ या विद्यापीठ गटाने ११ ऑगस्ट २०२० ला स्थगित केलेला हंगाम १६ सप्टेंबरला पुन्हा खेळण्याचे ठरवले. तेथील महाविद्यालयीन फुटबॉल हा आपल्याकडील खेळाहून निराळा, आणि त्यामागील अर्थकारण तर त्याहून निराळे. अर्थात कवचही अभेद्य नव्हते. उरणपासून जवळच, नेरुळच्या डॉ. डी. वाय. पाटील मैदानावर २३ जानेवारी २०२२ रोजी महिला आशिया चषकात भारताचा सामना चायनीज तैपेईशी व्हायचा होता. बाधित खेळाडूंमुळे किमान १३ जणींचा संघही देता आला नाही आणि यजमान भारत स्पर्धेतून बाद झाला.

तथापि राष्ट्रीय संघाला पुढची स्पर्धा असते. पदवीचा अभ्यासक्रम ३ वर्षांचा असतो. २०१९ मध्ये प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याला एकच हंगाम पूर्ण मिळाला. दुसरा बुडाला, तिसरा मोडका गेला. वयोमर्यादेत सवलत देता येते, पण पदवी घेऊन बाहेर पडलेल्याला महाविद्यालयाच्या संघात परत आणता येत नाही. क्रीडा सहभागावर मिळणाऱ्या सवलतीच्या गुणांची संधीही त्याच्यासोबत गेली. याहून कमी दिसणारी हानी संघांच्या परंपरेची होय. बचाव कसा उभा करायचा, चिखलात चेंडू कसा खेळवायचा, हे कनिष्ठ विद्यार्थी ज्येष्ठांकडून मैदानावर शिकतात; २०१९ ची आणि २०२० ची तुकडी एकत्र खेळण्याचे वर्षच नाहीसे झाले. न झालेल्या सामन्यांची धावती नोंदही जिमखान्याच्या दप्तरात राहत नाही, कारण तेथे निकाल लिहिले जातात. त्या वर्षांतील क्रीडा शिक्षकांच्या आणि खेळाडूंच्या मौखिक आठवणी संकलित करणे म्हणूनच निकडीचे आहे.

उरणला लोकल गाडी १२ जानेवारी २०२४ रोजी पोहोचली. नियमित वेळेत पदवी घेणाऱ्या या दोन्ही तुकड्या तोवर महाविद्यालयाबाहेर पडल्या होत्या.