भाकरी आणि सुवार्ता

भुकेल्याला आधी भाकरी द्यावी की आधी देवाची ओळख करून द्यावी, हा वाद सुवार्तावादी ख्रिस्ती लोकांत गेले शतकभर चालला आहे. इंग्रजीत ज्यांना इव्हँजेलिकल म्हणतात, तेच हे प्रॉटेस्टंट. बायबल हेच अंतिम प्रमाण, प्रत्येकाचा स्वतंत्र हृदयपालट आवश्यक आणि ख्रिस्ताची सुवार्ता इतरांना सांगणे हे कर्तव्य, अशी त्यांची श्रद्धा.

वास्तविक त्यांच्या पूर्वजांना हा वाद फारसा ठाऊकच नव्हता. जवळजवळ वीस वर्षे पार्लमेंटात झगडून १८०७ साली गुलामांच्या व्यापारावर बंदी आणविणारे विल्बरफोर्स याच पठडीतले. आणि आपल्या केडगावचे मुक्तिसदन पाहा! पंडिता रमाबाईंनी दुष्काळाने देशोधडीला लागलेल्या मुली तेथे आणल्या, त्यांना जेवू घातले, उद्योग शिकविले. आणि १९०५ साली धर्मजागृतीची मोठी लाट उसळली तीही तेथेच.

मग ही फाटाफूट झाली कशी? विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत रॉशेनबुशप्रभृती पंडितांनी समाजाच्या पापावर आणि समाजाच्या उद्धारावर भर दिला. या मंडळींचे बायबलविषयीचे विचार उदारमतवादी होते. तेव्हा सनातन्यांनी त्यांच्या ईश्वरशास्त्राबरोबर त्यांच्या समाजकार्याकडेही पाठ फिरविली. सुक्याबरोबर ओलेही जळाले! त्याच गोटातील कार्ल हेन्री यांनी १९४७ साली एक छोटे पुस्तक लिहून या उदासीनतेबद्दल स्वकीयांचे कान उपटले.

पुढे जुलै १९७४ मध्ये बिली ग्रॅहम यांच्या पुढाकाराने स्वित्झर्लंडमधील लोझान येथे सुमारे दीडशे देशांतील प्रतिनिधी जमले. तेथे लॅटिन अमेरिकेतील रेने पादिया आणि सॅम्युएल एस्कोबार यांनी परखड बोल सुनावले. अमेरिकन राहणी हाच ख्रिस्ती धर्म असे समजून तिचा प्रसार करू नका, असे पादियांचे म्हणणे. जॉन स्टॉट यांच्या देखरेखीखाली तयार झालेल्या करारनाम्याच्या पाचव्या कलमात सामाजिक कर्तव्याच्या हेळसांडीबद्दल पश्चात्ताप व्यक्त झाला. समाजकार्य म्हणजे सुवार्ताप्रसार नव्हे, परंतु ख्रिस्ती माणसाला दोन्ही कर्तव्ये टळत नाहीत, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे.

परंतु इतिहास सरळ रेषेत थोडाच चालतो! १९७९ साली जेरी फॉलवेल यांनी अमेरिकेत 'मॉरल मेजॉरिटी' ही संघटना काढली आणि सुवार्तावाद्यांचे मतदान ही निवडणुकीतील एक शक्ती होऊन बसली. समाजाकडे परतलेली वाट दीनदुबळ्यांच्या दारी जाण्याऐवजी सत्तेच्या देवडीवर जाऊ लागली, ही खंत आज त्यांच्यातील विचारवंतच बोलून दाखवितात. दरम्यान या पंथाचे बहुसंख्य अनुयायी आफ्रिका, आशिया आणि लॅटिन अमेरिकेत आहेत. लोझान चळवळीची चौथी परिषद २०२४ साली दक्षिण कोरियातील इंचॉनमध्ये भरली, ती उगीच नव्हे. या देशांत उपदेशकाला भूक पुस्तकात शोधावी लागत नाही. ती समोरच्या बाकावर बसलेली असते. तेथे भाकरी आणि सुवार्ता यांची फारकत करू पाहणाऱ्याचे कोण ऐकणार?