आण्णांची दुनळी

बंदुकीची गोष्ट सांगायला आमची आज्जी सुप्यापासून सुरुवात करायची. बंदूक आमच्या जळोचीच्या घरात, माळवदाच्या खोलीत खुंटीला, आणि आज्जी मात्र निघायची ती थेट सुप्याच्या बाजाराला. "सुप्याला सावकाराच्या वह्या जाळल्या न्हाय का, तवापासनं..." असं म्हणून ती चुलीत एक काटकी सारायची. तिनं ते पाहिलेलं नव्हतं. तिच्या आजेसासऱ्यांनी पाहिलं म्हणे, तेही बाजाराच्या दुसऱ्या टोकाला बैलांचे कासरे धरून उभे असताना. पुस्तकात तारीख सापडते, १२ मे १८७५. सुप्याच्या बाजाराचा दिवस. खतं आणि वह्या पेटल्या आणि दंगे पुणे-नगर जिल्ह्यांत पसरले.

तीन वर्षांनी, १८७८ साली, हत्यारांचा कायदा आला. हिंदी माणसाला बंदुकीसाठी परवाना लागू लागला, गोऱ्या साहेबाला मात्र त्यातून सूट. आमच्या घरातली ठासणीची बंदूक तेव्हा सरकारजमा झाली ती झालीच. आज्जीच्या सांगण्यात वह्या जळणं आणि बंदूक जाणं एकाच उन्हाळ्यात व्हायचं. मधली तीन वर्षं तिच्या हिशेबात नव्हतीच, आणि तिला अडवायची आमची छाती नव्हती.

आण्णा, म्हणजे माझे वडील, गेल्यावर माझ्या नावावर आली ती नंतरची दुनळी, बारा बोअरची. एक पौंड शिशाचे बारा सारखे गोळे केले तर त्यातला एक बरोबर बसेल एवढं नळीचं तोंड, हे मला तात्यांनी लहानपणी सांगितलं होतं. तात्या म्हणजे आजोबा. ती घरात कशी आली याच्या दोन गोष्टी आहेत. तात्यांची अशी, की नीरा डावा कालवा खणायला आलेला साहेब माळावर तापानं फणफणला, आमच्या खापरपणजोबांनी त्याला घोंगडीत गुंडाळून बैलगाडीतून बारामतीला नेलं, आणि विलायतेला परत जाताना त्यानं ही बंदूक दिली. आत्याची गोष्ट साधी. गुळाला चांगला भाव आला त्या साली पणजोबांनी पुण्याला जाऊन लिलावात घेतली. "साहेब कशाला देतोय फुकट?" असं ती म्हणायची, आणि तात्या उठून गोठ्यात जायचे.

परवान्यासाठी नंबर उतरवायचा होता म्हणून पुढचं लाकूड काढून नळ्या वेगळ्या केल्या, तेव्हा खालच्या सपाट भागावर बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाऊसचे बारीक ठसे दिसले. मुकुटाखाली एनपी ही अक्षरं, म्हणजे धूर न करणाऱ्या नव्या दारूसाठी नळी तपासून घेतलेली. हा ठसा १९०४ पासूनचा. शेजारी शंकरपाळ्यासारख्या चौकटीत बाराचा आकडा आणि खाली सी. हा १९२५ पर्यंतचा. बंदूक त्या वीसेक वर्षांतली. डावा कालवा वाहू लागला १८८५ च्या सुमाराला, तेव्हा तो खणणाऱ्या साहेबाच्या हातात ही असणं शक्य नाही. पण भाटघरला येळवंडीवरचं लॉइड धरण १९२८ च्या आसपास पुरं झालं आणि तोवर कालव्यांवर साहेबांची ये-जा होतीच. माझं मन म्हणतं, तात्यांचा साहेब खरा असावा, फक्त एक-दोन पिढ्या अलीकडचा. आत्याचा लिलाव मात्र त्या ठशांनी खोटा ठरत नाही, हेही लिहिलं पाहिजे.

बंदूक घरात आली तरी स्वयंपाकघरात तिचं काही चालायचं नाही. आज्जी माळकरी. तात्यांनी तितर किंवा ससा आणला तर तो गोठ्याच्या कडेला तीन दगडांच्या चुलीवर, जर्मनच्या वेगळ्या पातेल्यात शिजायचा. काळा मसाला आज्जीच कुटून द्यायची, तेवढी तिची सवलत. ताटात छर्रा निघाला की कडेला ठेवायचा आणि जेवण झाल्यावर तात्या ते सगळे मोजून घ्यायचे. शिसं वाया जाऊ द्यायचे नाहीत. आषाढवारीत तुकोबांची पालखी बारामतीला मुक्कामी यायची, तेव्हा बंदूक कणगीमागं जायची आणि पातेलं माळ्यावर. आज्जी त्या दिवशी भाकऱ्यांच्या चवडी थापायची. खंडेनवमीला मात्र तीच बंदुकीला हळदकुंकू लावायची, कोयता-कुदळीच्या रांगेत झेंडूचं फूल ठेवायची.

खरं काम आत्याचं. परकर-पोलक्यातल्या वयात ती वापरलेली काडतुसं पुन्हा भरायची. बुडाला नवी टोपी, मग दारू, त्यावर जाड पुठ्ठ्याची चकती, मग छर्रे, वर पातळ चकती, आणि कागदी कड आत दुमडून टाकायची. चकत्या पाडायचा लोखंडी पंच तिच्याच ताब्यात. तात्यांना आत्याच्या हातचंच काडतूस लागायचं. दुसऱ्या कुणी भरलेला बार फुसका निघतो म्हणायचे. उसात कोल्हा शिरला, डुकरांनी भुईमूग उकरला, धनगराच्या वाड्यावर लांडगा फिरला, की बोलावणं तात्यांना. निम्म्या वेळा नुसता आकाशात बार काढून ते परत यायचे.

७२ चा दुष्काळ मला तुकड्यातुकड्यांनी आठवतो. तांबड्या मिलोची भाकरी, शाळेतली सुकडी, आणि विहिरीजवळची जनावरांची दगडी डोण. त्या डोणीवर भरदुपारी एक चिंकारा आला. बरगड्या मोजाव्यात असा. शेजारचं कुणीतरी म्हणालं, "तात्या, काढा बार." तात्या म्हणाले, "पाण्याला आलंय ते." मी तिथं होतो की आईकडून ऐकलं, आता सांगता येत नाही. वन्यजीव संरक्षणाचा कायदाही त्याच वर्षीचा. पण तात्यांना कायदा कळायच्या आधीच त्यांचं शिकारीतलं मन उडालं होतं, असं आज्जी शेवटपर्यंत सांगायची, आणि मला ते पटतं. आज त्याच सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे, १९९७ पासूनचं. जेमतेम पाच चौरस किलोमीटर, पण त्यात चिंकारे निवांत चरतात. इंदापूरकडे कडबनवाडीच्या माळावरही दिसतात.

आण्णांच्या हाती बंदूक आली ती फक्त सांभाळायला. निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा, निकालानंतर परत. प्रत्येक वेळची पोचपावती ते देव्हाऱ्यामागं तारेत ओवून ठेवायचे. आमच्या भागात निवडणुका काही थोड्या नाहीत. १९९९ ला लोकसभा आणि विधानसभा एकत्रच झाल्या, तेव्हा एका हेलपाट्यात दोन्ही भागल्या म्हणून आण्णा खुशीत होते. पावती हरवली तर बंदूक हरवली, असं ते बजावायचे. ती तार मी तशीच ठेवली आहे.

ते गेल्यावर बंदूक आधी जमा केली. मग वारस म्हणून अर्ज, आईचं आणि बहिणीचं ना-हरकत प्रतिज्ञापत्र, पोलिसांची चौकशी, जिल्हाधिकारी कार्यालयाच्या फेऱ्या. आत्याच्या सहीची कायद्याला गरज नव्हती. पण तिला न विचारता ती वस्तू माझ्या नावावर करून घेणं माझ्या मनाला येईना, म्हणून निमगाव केतकीला गेलो. ऐंशी ओलांडलेली आत्या ओसरीवर लसूण सोलत होती. ठशांचं सगळं तिला समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "लिलावच झाला होता. मला आईनं सांगितलंय." मग तेल कुठलं लावतोस, पावसाळ्यात नळ्या उघड्या ठेवतोस का, चिंधी कुठल्या कापडाची, याची कसून चौकशी केली. काडतुसं भरायच्या पंचाचं मी विचारलं, तर तिनं नातवाला हाक मारली. तो मोटारीच्या खोलीतून पंच घेऊन आला. पाइपाच्या जोडाला लागणारे रबरी वायसर त्यानंच पाडतात म्हणे, कित्येक वर्षं.

"बंदूक तू ने," आत्या म्हणाली. "ह्यो हितं लागतोय."