ऑल इंडिया

१८५७ नंतर इंग्रजांनी पलटणी जात आणि प्रांत पाहून बांधल्या. १९४९ साली जनरल करिअप्पांनी पंजाब, ग्रेनेडियर्स, राजपुताना रायफल्स आणि राजपूत या रेजिमेंटांच्या चार जुन्या बटालियन एकत्र आणून गार्ड्स उभे केले. भरती देशभरातून, जात न विचारता. फौजेत त्याला ‘ऑल इंडिया, ऑल क्लास’ म्हणतात. केंद्र आपल्या नागपूरजवळ कामठीला आहे.

‘अखिल भारतीय’ म्हटलं की मराठी माणसाला साहित्य संमेलन आठवतं. तमिळ जवान त्यालाच ‘अगिल इंदिय’ म्हणतो. नागा जवानाला दोन्ही परके. ‘ऑल इंडिया’ मात्र सगळ्यांना सारखाच परका, म्हणून तिथे कुणाची भाषा वरचढ ठरत नाही. कागदावर तो शब्द चालतो. चढाई करताना सगळे ‘गरुड का हूँ बोल प्यारे’ असंच ओरडतात.