आरशातला हात

लकवा मारला की यवतमाळच्या खेड्यांतही आपण लुळ्या हाताला तेल चोळू लागतो. इजा मात्र मेंदूला झालेली असते. मग मेंदूलाच हलता हात दाखवला तर?

१९९९ साली आल्टशुलर, रामचंद्रन प्रभृतींनी नऊ रुग्णांच्या दोन हातांमध्ये आरसा उभा केला. चांगला हात हलवला की लुळाच हात हलल्यासारखा दिसे. चार आठवडे आरसा, चार आठवडे पारदर्शक प्लास्टिक अशी तुलना केली. आरशाने सुधारणा अधिक झाली. २००७ साली जर्मनीत एर्टेल्ट यांच्या गटाने रोजच्या हालचालींच्या चित्रफिती दाखवून त्यांचाच सराव करून घेतला. त्याचाही लाभ दिसला.

पण नऊ रुग्णांवरून निष्कर्ष कसा काढावा? २०१८ साली ६२ अभ्यासांचा आढावा घेतला गेला. नेहमीच्या व्यायामाच्या जोडीला आरसा उपयोगी ठरतो, असे त्यात आढळले. आरसा घरोघरी असतोच. रीत तेवढी तज्ज्ञांकडून शिकावी. लकव्याची चाहूल लागताच मात्र आधी रुग्णालय गाठावे.