थिबाचा वाडा

रत्नागिरीस पाहुणा आला, की आम्ही त्याला थिबा राजवाडा दाखवावयास नेतो. उतरती छपरे, अर्धवर्तुळाकार लाकडी खिडक्या पाहून पाहुणा खूश होतो. परंतु हा राजवाडा कसला? राजबंद्याला कोंडण्यासाठी इंग्रजांनी बांधलेला तो तुरुंगच! १८८५ साली त्यांनी ब्रह्मदेशच्या थिबाला पदच्युत केले व १८८६ मध्ये येथे आणून ठेवले. वाडा पुरा झाला १९१० साली. राजा वारला १९१६ मध्ये. म्हणजे या वाड्याचे सुख उणीपुरी सहा वर्षे.

आज वाडा राज्य-संरक्षित स्मारक आहे, आत संग्रहालय आहे. २०१२ साली म्यानमारचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष थेन सेन थिबाच्या समाधीचे दर्शन घेऊन गेले. दगडांची अशी बूज राखली गेली, हे चांगलेच झाले. पण थोरल्या राजकन्येची लेक टुटू याच गावात मराठी बोलत, गरिबीत जगली आणि २००० साली गेली. तेव्हा मी विशीत होतो. वाडा अनेकदा पाहिला होता. तिच्या दारी मात्र एकदाही गेलो नाही.

आता वर्गातील मुलांना वाड्यावर नेतो, तेव्हा खिडक्यांआधी तिची गोष्ट सांगतो. मुले विचारतात, "गुरुजी, तिचे घर कुठे?" मला ते दाखविता येत नाही.