लहान मोटार आणि घाटावरचा माणूस

स्वस्त मोटारीचा इतिहास हा व्याख्यानाचा विषय होऊ शकतो काय, असा प्रश्न कोणी विचारला तर तो अगदीच गैर म्हणता येणार नाही. इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे सिंदखेडराजा उभा राहतो, लखुजी जाधवांचा वाडा उभा राहतो. मोटारीचा इतिहास म्हणजे कारखानदारांची नफातोट्याची वही, असा आपला समज असतो. परंतु माणूस कशात बसून गावाबाहेर पडला, कोणाच्या मर्जीने पडला आणि त्यासाठी त्याने किती कर्ज काढले, हाही इतिहासच होय. किंबहुना सामान्य घराच्या दृष्टीने तोच अधिक जवळचा इतिहास आहे.

आपल्या जिल्ह्याची घडण या बाबतीत ध्यानात घेण्याजोगी आहे. घाटावरचे तालुके आणि घाटाखालचे तालुके अशी वाटणी आपण रोजच्या बोलण्यात करतो. मुंबई-नागपूर लोहमार्ग गेला तो घाटाखालून. मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव या वाटेने. जलंबहून खामगावला १८७० साली फाटा काढला तो तेथील कापसाच्या बाजारासाठी. म्हणजे आगगाडी आपल्याकडे आली ती मुख्यतः गाठोडी नेण्यासाठी, माणसे त्या निमित्ताने चढली. घाटावर चिखली, मेहकर, लोणार, देऊळगावराजा येथे आगगाडी चढलीच नाही. जिल्ह्याचे मुख्य ठाणे जे बुलढाणे, तेथेही स्टेशन नाही. जालना-खामगाव मार्गाची मागणी शतकाहून जुनी आहे. ती करता करता तीन पिढ्या गेल्या.

तेव्हा घाटावरच्या माणसाला स्वतःचे वाहन ही चैन कधीच नव्हती. सधन शेतकऱ्याच्या दारात दमणी असे, थोड्या कमी ऐपतीच्या घरी रेंगी. बंडी ओझ्याची, दमणी माणसांची, हा भेद वऱ्हाडात सर्वांना ठाऊक होता. दमणीची बैलजोडी वेगळी राखलेली, तिच्या गळ्यात घुंगुरमाळा. लेक सासरी जायची ती दमणीतून. त्या जोडीला वर्षभर वैरण-सरकी घालावी लागे आणि दमणी मात्र वर्षातून वीस-पंचवीस दिवस जुंपली जाई. हा हिशेब कृपा करून लक्षात ठेवावा, कारण मोटारीच्या बाबतीत तोच पुन्हा येणार आहे.

आता जरा दूर जाऊ. स्वस्त मोटारीची कल्पना अमेरिकेत हेन्री फोर्डने १९०८ साली प्रत्यक्षात आणली. त्याची मॉडेल टी तेव्हा ८५० डॉलरला मिळे. १९१३ मध्ये त्याने सरकत्या साखळीवर जुळणी सुरू केली आणि १९२५ च्या सुमारास तीच गाडी २६० डॉलरपर्यंत उतरली. ही गोष्ट सर्वश्रुत आहे, म्हणून तिच्यावर वेळ घालवीत नाही. जर्मनीची गोष्ट मात्र थोडी सांगितली पाहिजे. तेथे १९३८ पासून सरकारने लोकांना दर आठवड्याला पाच मार्कांची तिकिटे वहीत चिकटवावयास लावली. ९९० मार्क भरले की लोकांची मोटार दारात, असे वचन होते. सुमारे ३ लाख ३६ हजार लोकांनी पैसे भरले. युद्ध सुरू झाले, कारखान्यातून लष्करी गाड्या बाहेर पडल्या आणि त्या वहीवाल्यांपैकी एकालाही त्या योजनेतून मोटार मिळाली नाही. स्वस्त मोटारीच्या नावाने आगाऊ पैसे गोळा करण्याची परंपरा अशी जुनी आहे.

फ्रान्समधील सित्रोएन कंपनीची टू सी व्ही ही मोटार मला या सर्वांत अधिक आपलीशी वाटते. कंपनीचा प्रमुख पिएर बुलांजे याने तीसच्या दशकात आपल्या अभियंत्यांना सांगितले की दोन शेतकरी आणि पन्नास किलो बटाटे बाजारात नेता आले पाहिजेत. नांगरलेल्या शेतातून गाडी गेली तरी टोपलीतले अंडे फुटता कामा नये. १९४८ च्या पॅरिस प्रदर्शनात ती लोकांपुढे आली तेव्हा शहरी पत्रकार हसले. पत्र्याची डबी, ३७५ घनसेंटीमीटरचे यंत्र, ताकद अवघी नऊ घोड्यांची. परंतु खेड्यांतील डॉक्टर, सुईणी आणि शेतकरी यांनी तिच्यासाठी वर्षानुवर्षे वाट पाहिली. त्या गाडीचे रहस्य असे की तिचा विचार किमतीपासून सुरू झाला नव्हता, रस्त्यापासून आणि टोपलीपासून सुरू झाला होता. आपल्याकडे पुढे जे घडले त्यात नेमके हेच उलटे झाले, असे माझे मत आहे.

हिंदुस्थानात मोटारींची जुळणी १९२८ साली मुंबईस शिवडी येथे जनरल मोटर्सने सुरू केली. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाट निघू लागली. १९५३ मध्ये सरकारने धोरण ठरविले की ज्यांचा सुटे भाग येथेच बनविण्याचा कार्यक्रम असेल त्यांनीच राहावे. तेव्हा परदेशी जुळणीवाले निघून गेले. राहिल्या तीन गाड्या, आणि त्यांच्यासाठी रांगा. १९५९ च्या नियंत्रण हुकुमाने मोटार कोणी कोणास विकावी हेही सरकारच्या हाती गेले. त्याच सुमारास लहान स्वस्त मोटारीचा विचार करण्यासाठी समित्या बसल्या. समित्यांनी अहवाल दिले. परंतु परकीय चलन तुटपुंजे, आणि पोलाद आधी ट्रक-बसला की मोटारीला, हा प्रश्न होता. तो प्रश्न खोटा नव्हता. मध्यप्रांतातून मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आलेल्या आपल्या जिल्ह्याला तेव्हा मोटारीपेक्षा एस. टी. ची गरज अधिक होती, हे कबूल केलेच पाहिजे.

याच काळात इचलकरंजीस शंकरराव कुलकर्णी नावाचे गृहस्थ स्वतःच्या हिमतीवर लहान मोटार बनवीत होते. १९४९ च्या सुमारास त्यांनी पहिला नमुना उभा केला आणि पुढे पंचवीस वर्षे नमुन्यामागून नमुना सुधारीत राहिले. गाडीचे नाव ‘मीरा’. यंत्र मागे आणि धक्के सोसण्यासाठी रबराची योजना. म्हणजे अंडे फुटू नये हा विचार येथेही होता. सत्तरीच्या दशकापर्यंत गाडी रस्त्यावर धावली, लोकांनी पाहिली, वर्तमानपत्रांनी वाखाणली. पण कारखाना काही उभा राहिला नाही. परवाना, भांडवल आणि करसवलत या तिन्ही दारांशी हा माणूस थांबून राहिला. त्याच दशकात दिल्लीजवळ मारुती लिमिटेडला परवाना, जमीन आणि कर्ज सारे मिळाले, कारण तिच्यामागे पंतप्रधानांचे चिरंजीव संजय गांधी होते. त्यांचीही मोटार बाजारात आली नाही, आणि १९७० च्या दशकाअखेर ती कंपनी बुडीत निघाली. एकाकडे गाडी होती आणि परवाना नव्हता, दुसऱ्याकडे परवाना होता आणि गाडी नव्हती. या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्यात. टीका करण्याची गरज उरत नाही.

सरकारने ती कंपनी ताब्यात घेतली, १९८२ मध्ये जपानच्या सुझुकीशी करार केला, आणि १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिल्या मारुती ८०० ची किल्ली ग्राहकाच्या हाती पडली. किंमत पन्नास हजारांच्या आतबाहेर. त्याआधीच लाखाहून अधिक लोकांनी दहा-दहा हजार भरून नाव नोंदविले होते. या खेपेस मात्र वचन पाळले गेले. गाडीची रचना १९५९ च्या इंग्रजी ‘मिनी’च्या वळणाची: यंत्र पुढे आणि आडवे, ओढणारी चाकेही पुढचीच. त्यामुळे मागे जाणारा लांब दांडा नाही, आणि लहान पेटीत माणसांना जागा अधिक मिळते. ७९६ घनसेंटीमीटरचे हे यंत्र पहाटे थंडीत पहिल्या किल्लीला सुरू होई. अँबॅसडरला धक्का मारण्याची सवय झालेल्या लोकांना हाच मोठा चमत्कार वाटला.

आपल्या खेड्यांत ही गाडी प्रथमतः आली नाही. ती आली दहा-बारा वर्षांची होऊन, दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडून. शिक्षक, कृषी केंद्राचा दुकानदार, दोन भावांत मिळून घेणारा बागायतदार, हे तिचे खरे मालक. तिची जुनी गाडी स्वस्त होती, सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळत, आणि मिस्त्रीला ती तोंडपाठ असे. २०१४ च्या आरंभी तिचे उत्पादन थांबले.

यानंतर नॅनो. भर पावसात स्कूटरवर नवरा, बायको आणि दोन मुले भिजत चाललेली रतन टाटांनी पाहिली आणि त्यातून ही कल्पना निघाली, ही हकीकत त्यांनी स्वतः सांगितली आहे. पुण्यात गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखाली तिचे काम झाले. १० जानेवारी २००८ रोजी दिल्लीत ती दाखविली गेली. कारखान्यातील किंमत एक लाख. सिंगूरला जमिनीचा तंटा उभा राहिला, कारखाना गुजरातेत सानंदला हलवावा लागला, आणि जुलै २००९ मध्ये मुंबईत पहिली गाडी ग्राहकास मिळाली. मागे दोन नळ्यांचे ६२४ घनसेंटीमीटरचे यंत्र, पुढे एकच वायपर, चाकाला तीनच नट. अभियांत्रिकीच्या दृष्टीने ती लहान गोष्ट नव्हती, हे येथे निक्षून सांगावेसे वाटते. दोन लाखांहून अधिक लोकांनी नावे नोंदविली. तथापि काही गाड्यांनी पेट घेतल्याच्या बातम्या आल्या, किंमत लाखावर राहिली नाही, आणि मागचे दार बाहेरून उघडत नसल्याने सामान ठेवण्याची पंचाईत. वर्षाला अडीच लाख गाड्यांची क्षमता असलेल्या कारखान्यातून सर्वांत चांगल्या वर्षीही पाऊण लाखाच्या आसपासच गाड्या खपल्या. २०१८ मध्ये उत्पादन जवळजवळ थांबले.

ती पडली कशाने? जगातील सर्वांत स्वस्त गाडी, हीच तिची जाहिरात झाली आणि हाच तिचा घात झाला. आपल्याकडे लग्नाच्या मांडवापुढे उभी राहणारी गाडी ही प्रवासासाठी असतेच, पण ती चारचौघांत सांगण्यासाठीही असते. दमणीच्या बैलांना घुंगुरमाळा घालणाऱ्याचा नातू ‘सर्वांत स्वस्त’ अशी पाटी लावलेली वस्तू दारात कशी उभी करील? त्याच पैशात जुनी मोठी गाडी मिळत होती, आणि लोकांनी तीच घेतली. यात मूर्खपणा होता असे मी मानत नाही. काळ्या मातीच्या शेतरस्त्यावर दोन पावसांनंतर बारा इंची चाके काय करणार, हे शेतकऱ्याला अभियंत्याइतकेच कळते.

लहान मोटारीविषयी आपण पहिला प्रश्न विचारतो तो, ‘अॅव्हरेज किती देते?’ हा प्रश्न चुकीच्या ठिकाणी लागला आहे. समजा, एकाने दीड लाखाची जुनी गाडी घेतली आणि ती वर्षाला चार हजार किलोमीटर चालविली. लिटरला अठरा किलोमीटर आणि शंभर रुपये लिटर धरले तर पेट्रोल २२ हजारांचे. विमा नऊ, दुरुस्ती दहा, कर्जाचे व्याज पंधरा आणि गाडीची उतरलेली किंमत वीस हजार धरली, तर एकूण ७६ हजार. म्हणजे किलोमीटरला १९ रुपये. आता तीच गाडी अठराऐवजी पंचवीस देऊ लागली, तर वाचतील फक्त सहा हजार. बाकीचा खर्च ती झाडाखाली उभी असतानाही होतच राहतो. दमणीची बैले उभ्यानेच खात, तसेच हे. त्यात अधिक बिकट गोष्ट अशी की बँकेचा हप्ता दर महिन्याला येतो आणि कापूस-सोयाबीन घरात वर्षातून एकदा. पगारदाराला झेपणारी गाडी त्याच किमतीला शेतकऱ्याला झेपत नाही, याचे कारण केवळ उत्पन्न कमी हे नव्हे, ते येण्याची वेळही आहे.

मग एस. टी. ने जावे, हे उत्तर सोपे आहे. मार्च २०२३ पासून स्त्रियांना अर्धे तिकीट आहे, त्याआधीच्या ऑगस्टपासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास फुकट आहे. पैशाच्या हिशेबात मोटार एस. टी. पुढे टिकत नाही. परंतु २०२१ च्या हिवाळ्यात एस. टी. चा संप लागला आणि तो २०२२ च्या एप्रिलपर्यंत लांबला, ते महिने आठवून पाहावेत. शाळा-महाविद्यालयांची मुले, दवाखान्यात जाणारी म्हातारी माणसे यांना काळीपिवळीच्या टपाला लटकावे लागले, किंवा गावातल्या एखाद्या जुन्या मारुतीच्या मालकापुढे हात जोडावे लागले. रात्री अकराला बाळंतीण अडली तर बुलढाण्याला नेणारी गाडी ‘किलोमीटरला किती पडली’ असे कोणी विचारत नाही. लहान मोटारीचे आकर्षण या एका रात्रीत आहे, आणि तिचा सारा तोटा उरलेल्या ३६४ दिवसांत आहे. दोन्ही खरे आहेत, म्हणूनच प्रत्येक घरात यावर वाद होतो.

सुरक्षिततेची बाब मात्र वादाची नाही. २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने आपल्याकडील पाच लहान गाड्या ताशी ६४ किलोमीटर वेगाने आदळून पाहिल्या. पाचही शून्य ताऱ्यांवर राहिल्या; नॅनो आणि आल्टो त्यांत होत्या. त्यानंतर नियम कडक झाले. जुलै २०१९ पासून चालकापुढे हवेची पिशवी सक्तीची झाली, पुढे शेजारच्या बैठकीलाही झाली. २०२० पासून धुराचे नवे निकष आले. यांतील प्रत्येक सुधारणेने प्राण वाचतील आणि किंमतही वाढेल. लाखाची गाडी आता होणे नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये सरकारने लहान गाड्यांवरील वस्तू व सेवा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आणला, त्याने थोडा उतार पडला इतकेच.

दरम्यान समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातून, मेहकर आणि सिंदखेडराजाच्या बाजूने गेला. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर-शिर्डी हा पहिला टप्पा खुला झाला. त्याच्यावर दुचाकीला आणि रिक्षाला मज्जाव आहे. म्हणजे ज्याच्या शेजारून तो रस्ता गेला, त्याला त्यावर स्वतःच्या वाहनाने चढावयाचे तर किमान लहान मोटार पाहिजे. आणि मोटारींना तेथे ताशी १२० ची मुभा आहे. चाळीस-पन्नासच्या वेगासाठी विकत घेतलेली, पत्रा पातळ झालेली, टायर गुळगुळीत झालेली तिसऱ्या मालकाची गाडी त्या सिमेंटच्या रस्त्यावर चढते, तापलेला टायर फुटतो, आणि मग जे व्हावयाचे ते होते. परिवहन खात्याला प्रवेशाच्या नाक्यांवर टायर तपासण्याची मोहीम घ्यावी लागली ती यामुळेच. झिजलेल्या टायरच्या गाड्या तेथून परत फिरविल्या गेल्या. त्या जुन्या रस्त्याने, चिखलीच्या वाटेने गेल्या.